चार मिनिटांची दीक्षा

हॉबर्ट लॅसवेल जेवायला आले तेव्हाच व्हर्नाला शंका यायला हवी होती.

महिनाभर म्हाताऱ्याने एकच पालुपद लावलं होतं. घटस्फोट घेतलेल्या माणसाशी लागणाऱ्या लग्नात मी पाऊल ठेवणार नाही, मग नवरी माझी नात असो नाहीतर राजाची लेक. डोंगरातल्या त्या पांढऱ्या चर्चचे ते चोपन्न वर्षं पाळक होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी बोललेला शब्द कधी मागे घेतला नव्हता. चुकीचा असला तर मुळीच नाही. आणि आज, लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, ते मुलाच्या, गार्लंडच्या, ट्रकमधून रूथॅनच्या अंगणात उतरत होते. अंगात रविवारचा काळा कोट, उजव्या हातात काठी आणि मागोमाग दोन डीकन, चर्चचे कारभारी.

"बाबा आलेत," व्हर्ना धाकट्या बहिणीला म्हणाली. "तू बोलावलंस?"

"त्यांची नात आहे," रूथॅन म्हणाली आणि भरल्या अंड्यांच्या ताटावरचा कागद सोडवायला लागली.

"आणि ऑडी क्रंप? विल्बर्न? तेही तिचे आजोबाच का?"

"जेवायला आलेत गं. माणसं जेवायला येतात."

व्हर्नाने विषय सोडला, कारण ती खुशीत होती. अर्ध्या तासापूर्वीच लग्नाची रंगीत तालीम झाली होती. अंगणाच्या टोकाला अक्रोडाच्या झाडांपाशी नवरदेवाने, ट्रॅव्हिसने, लाकडी कमान उभारली होती. त्या कमानीखाली व्हर्ना उभी राहिली, समोर रूथॅनची लेक कॅली आणि ट्रॅव्हिस, आणि तिने आपल्या हाताने लिहिलेला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आवाज एकदाही फाटला नाही. ट्रॅव्हिस विजेच्या खांबांवर चढणारा गडी, फारसा बोलत नाही, पण वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, माझ्या पहिल्या लग्नात हे कुणी म्हटलं असतं तर मी जरा विचार केला असता." सगळे हसले. व्हर्नाही हसली. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहून बोलली होती.

हे ज्यांना लॅसवेल माहीत नाहीत त्यांना खोटं वाटेल. ज्या बाईने तीस वर्षं चर्चचं दप्तर सांभाळलं, जी आजाऱ्यांच्या उशाशी बसली, जिने मयतांच्या घरी डबे पोचवले, ती कधी लोकांसमोर बोलली नाही म्हणजे काय? म्हणजे तेच. हॉबर्टच्या चर्चमध्ये बाई गाऊ शकते, रांधू शकते, रडू शकते. उभी राहून बोलू शकत नाही. सहा वर्षांपूर्वी म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांची रविवारची प्रवचनं व्हर्नाच लिहीत होती. मोठ्या अक्षरात छापून शनिवारी त्यांच्या पुढ्यात ठेवायची. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि घरातलं कुणीही कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

म्हाताऱ्याने लग्न लावायला नकार दिला त्याच संध्याकाळी कॅली मावशीकडे आली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, आणि म्हणाली, "तू लाव ना. कॉम्प्युटरवर पाळकाची दीक्षा मिळते, मग लग्न लावता येतं. माझ्या मैत्रिणीचं तिच्या भावाने लावलं." व्हर्नाने तिला वेड्यात काढलं. मग ती घरी गेल्यावर स्वतःच कॉम्प्युटर उघडला. नाव, पत्ता, तुमचा विश्वास आहे का, हो, बटण. भिंतीवरच्या घड्याळात तिने पाहिलं, चार मिनिटं लागली होती. आठवड्याने टपालातून जाड कागदावरचं प्रमाणपत्र आलं, सोनेरी शिक्क्यासकट. ते तिने चौकटीत बसवलं नाही. कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवलं आणि रोज एकदा काढून पाहिलं. आपण हे खरं मानतो आहोत याची तिला लाज वाटायची, पण ती ते खरं मानत होती.

---

रूथॅनने मंगळवारी काउंटीच्या कचेरीत फोन लावला तो खरोखर साध्या चौकशीसाठी. लग्नानंतर परवान्याचा कागद किती दिवसांत परत द्यायचा एवढंच तिला विचारायचं होतं.

"तीन दिवसांत," पलीकडची बाई म्हणाली. "लग्न कोण लावतंय?"

"माझी बहीण. तिने कॉम्प्युटरवरून दीक्षा घेतलीय."

त्या बाईने आवाज खाली आणला. "बाई, जुलैपासून आपल्या राज्यात तसं चालत नाही. कॉम्प्युटरवरून दीक्षा घेतलेल्याने लग्न लावायचं नाही असा कायदा झालाय. कोर्टात भांडण चालू आहे म्हणा. पण माझी पोरगी असती तर मी तिच्या लग्नावर प्रयोग केला नसता."

रूथॅनने आभार मानले आणि फोन ठेवला. आता व्हर्नाला कळवायला हवं होतं. मंगळवार होता, हातात चार दिवस होते. एखादा न्यायाधीश गाठता आला असता, गावाच्या महापौराला सांगता आलं असतं. रूथॅनचा अंगठा फोनवर बहिणीच्या नावावर गेलाही होता. तिने फोन बापाला लावला.

का लावला, हे तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती की पोरीची काळजी. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं जुनं होतं. कॅली चार वर्षांची असताना तिचा बाप टेक्ससला निघून गेला आणि रूथॅन इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी करायला लागली. पोरगी व्हर्नाकडे झोपायची. सकाळी घरी यायची ती व्हर्नाने घातलेल्या वेण्या घेऊन, व्हर्नाची गाणी गुणगुणत. शाळेत 'माझं कुटुंब' काढायला सांगितलं तेव्हा कागदाच्या मधोमध मावशी होती आणि आई एका कोपऱ्यात, डोळे मिटलेली. "तू झोपलीयस," कॅलीने समजावून सांगितलं होतं. ते चित्र रूथॅनने फाडलं नाही. तिने ते बावीस वर्षं लक्षात ठेवलं.

आता त्याच मुलीचं लग्नही व्हर्नाच लावणार होती. आणि आई पहिल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार होती.

फोनवर म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "शुक्रवारपर्यंत कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "मी बघतो काय ते."

---

अंगणातल्या लांब टेबलावर दोन्हीकडच्या माणसांची जेवणं उरकत आली होती. तळलेली कोंबडी संपली, मक्याच्या पावाचे तुकडे उरले, बर्फातल्या गोड चहाचा तिसरा जार आला. शेडच्या पत्र्यावर मधूनच एखादा अक्रोड धप्पकन पडायचा आणि विल्बर्न दर वेळी दचकायचा. केळ्याचं पुडिंग वाढायला रूथॅन उठली आणि डाव हातात धरूनच म्हणाली,

"एक सांगायचंय. बसूनच ऐका."

सगळे बसलेलेच होते.

तिने कायदा सांगितला. चांगला सांगितला, कचेरीतल्या बाईच्या शब्दांत, कुठेही न अडखळता. व्हर्नाच्या हातातला चमचा ताटलीवर तसाच राहिला.

"म्हणजे मावशीने लावलेलं लग्न लागणारच नाही?" कॅलीने विचारलं.

"लागेल, पण टिकेल का ते कोर्टाच्या हातात," रूथॅन म्हणाली. "उद्या घर घ्यायचं, मूल होईल, ट्रॅव्हिस खांबावर चढतो, देव करो आणि काही न होवो, पण झालं तर कागद विचारतात."

ट्रॅव्हिस म्हणाला, "मग न्यायाधीशाला फोन करू."

"कचेरी साडेचारला बंद होते. आता सहा वाजलेत."

"महापौर?"

"तो दुपारीच मॅच बघायला नॉक्सव्हिलला गेला," ऑडी क्रंपने माहिती दिली. फार पटकन दिली.

आता व्हर्नाने बहिणीकडे पाहिलं. "तुला हे कधी कळलं?"

"काय?"

"फोन कधी केलास, रूथॅन?"

रूथॅनने पुडिंगमध्ये डाव बुडवला. "मंगळवारी."

शेडवर अक्रोड पडला आणि या वेळी विल्बर्नसुद्धा दचकला नाही.

"मंगळवारी," व्हर्ना म्हणाली. "बुधवारी तू माझ्याकडे आलीस. माझ्या ड्रेसची उंची टाचण्या लावून बसवून दिलीस. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलता आलं नाही का?"

"तुझं मन मोडवलं नाही."

"आज बरं मोडवलं."

"पोरींनो," हॉबर्ट म्हणाले. झटक्यानंतर त्यांचा आवाज एका बाजूने घरंगळत यायचा, पण अजून तो आला की बाकीचे बंद व्हायचे. "भांडू नका. यातून वाट आहे. कॉम्प्युटरच्या दीक्षेला कायदा मानत नाही, आणि बरोबर आहे, मीही मानत नाही. चार मिनिटांत कुणी देवाचा सेवक होतो का? पण चर्चने दिलेली दीक्षा कायदा मानतो. पाळक हवा, दोन डीकन हवेत आणि चर्चच्या पुस्तकात नोंद हवी. पाळक इथे आहे. डीकन इथे आहेत. पुस्तक तुझ्या गाडीत आहे, व्हर्ना."

पुस्तक गाडीत होतं. सकाळीच त्यांनी सांगितलं होतं, रविवारी सभासदांची नावं तपासायचीत, पुस्तक सोबत असू दे. आणि दप्तर सांभाळणाऱ्या लेकीने ते फडक्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं होतं.

तिला जे वाटलं ते आता सांगायला नको, पण सांगतो. दोन-तीन श्वास ती खरंच समजली की ते तिच्याबद्दल बोलतायत. बाप तिला जेवायच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, दीक्षा द्यायला आलाय. काळा कोट त्यासाठीच घातलाय. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा.

"गार्लंड," हॉबर्ट म्हणाले. "इकडे ये."

---

गार्लंड जुने ट्रॅक्टर विकायचा. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, गोड बोलणारा माणूस. चर्चला तो नाताळ आणि ईस्टरला जायचा, कधी मधे एखाद्या गिऱ्हाइकाच्या मयताला. ट्रकमध्ये बसल्यावर बापाने त्याला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला.

"बाबा, मला बायबलमधली पुस्तकं क्रमाने सांगता येत नाहीत."

"उद्या एक लग्न लावायचंय. तेवढ्यापुरतं."

"तुम्हीच का नाही लावत?"

"मी घटस्फोटिताचं लग्न लावत नाही," म्हातारा म्हणाला होता, आणि त्या वाक्यात काही विचित्र आहे असं त्याला अजिबात वाटलं नव्हतं. त्याचे हात स्वच्छ राहणार होते. मुलाचे हात कसेही चालणार होते.

आता गार्लंड टेबलाला वळसा घालून बापाच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला. बहिणीकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

"बाबा," व्हर्ना म्हणाली, "तो विश्वास तरी ठेवतो का, विचारा त्याला."

"ते देव बघेल."

"मग माझं का नाही बघत देव?" ती आता पूर्ण उभी होती. आवाज चढला नव्हता. "पाळक इथे आहे म्हणालात. डीकन आहेत. पुस्तक मीच आणलंय. माझ्या डोक्यावर हात ठेवा. तेवढाच वेळ लागेल. कायदाही मानेल, कॅलीचं लग्नही लागेल, ती म्हणाली होती त्याच माणसाच्या हातून."

"बाईच्या डोक्यावर मी हात ठेवत नाही."

"सहा वर्षं रविवारी तुम्ही जे बोलता ते कुणाचं आहे?"

ऑडी क्रंप खाली टेबलक्लॉथकडे बघायला लागला. विल्बर्नने चहा ओढला. म्हाताऱ्याच्या तोंडाची चांगली बाजू किंचित हलली.

"मी सांगतो, तू टाइप करतेस," ते म्हणाले. "टायपिंग म्हणजे दीक्षा नव्हे, व्हर्ना."

गार्लंडने ते ऐकलं आणि त्याला कळलं की इथे आपण बाजूला व्हायला हवं. नुसतं म्हणायचं होतं, बाबा, हे तिचं आहे, मला नको. त्याला ते वाक्य दिसत होतं. बहिणीचं घेऊन आपण आयत्या बिळावर नागोबा होतोय हेही त्याला दिसत होतं. पण बाप त्याच्याकडे वर बघत होता, आणि तसा तो त्याच्याकडे कधी बघितलेला नव्हता. शाळेत मॅच जिंकली तेव्हा नाही, धंदा उभा राहिला तेव्हा नाही. या म्हाताऱ्याने त्याला आयुष्यभर वाया गेलेला मुलगा म्हणून वागवलं होतं, आणि आता तो म्हणत होता, इकडे ये. गार्लंड गवतात गुडघे टेकून बसला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःची किळस आली, दोन्ही एकाच वेळी.

"थांबा," व्हर्ना म्हणाली. "लग्न कॅलीचं आहे. तिला विचारा."

---

कॅलीला कुणी विचारू नये असं वाटत होतं.

ती ट्रॅव्हिसचा हात टेबलाखाली घट्ट धरून बसली होती. आईकडे बघावं तर आई पुडिंगच्या वाट्या एका ओळीत लावत होती. मावशीकडे बघवत नव्हतं. मनात एक हिशेबी आवाज आपोआप चालू होता: उद्या दुपारी दोनशे माणसं येणार, ट्रॅव्हिसची आजी मिसुरीहून आलीय, लग्न लागायला हवं आणि लागलेलं टिकायला हवं. ट्रॅव्हिसचं एक मोडलंय. दुसऱ्याच्या कागदात खोट नको.

"आपण थांबू शकतो," ट्रॅव्हिस तिच्या कानाशी म्हणाला. "सोमवारी न्यायाधीशाकडे सही, आणि उद्या मावशी वाचू देत. मला चालेल."

त्याला चालणार होतं. तिला क्षणभर तेच बरोबर वाटलं. मग आई, मान वर न करता, हळूच म्हणाली, "म्हणजे उद्या दोनशे लोकांसमोर खोटं लग्न. छान दिसेल."

"आजोबा," कॅली म्हणाली, "मावशीलाच का नाही देत तुम्ही? एकदाच. माझ्यासाठी."

"नाही."

"मी विनंती करते."

"तुझ्या आजीनेही एकदा केली होती. नाही."

नाही म्हटल्यावर नाही हे कॅली जन्मापासून ऐकत आली होती. त्या भिंतीवर डोकं आपटून घरातल्या कुणाचंही भलं झालेलं नव्हतं. मावशी मात्र वेगळी होती. मावशी समजून घ्यायची. मऊ लागलं म्हणून कोपराने खणतात, ते असं. मुद्दाम नव्हे, सवयीने.

"मावशी," कॅली म्हणाली, "मामालाच लावू दे ना. कागदापुरतं. तू एखादा अध्याय वाच. फुलं माळलेली असतील तुला, पहिल्या रांगेत बसशील. सगळ्यांना ठाऊक आहे की खरं तर तूच..."

व्हर्ना तिच्याकडे बघत राहिली. टेबलापलीकडे रूथॅनने वाट्या लावायचं थांबवलं. तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि पोरीच्या तोंडून मिळालं होतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता. बहिणीचा चेहरा बघितल्यावर तो काही होईना.

"अध्याय वाचायला बाईला उभं राहावं लागतं," व्हर्ना म्हणाली. "आजोबांना विचार चालेल का."

कुणी विचारलं नाही.

---

तिने गाडीतून पुस्तक आणलं.

ते का आणलं, असं लोक अजून विचारतात. चिडून निघून जायचं, पुस्तक घेऊनच गाडी हाणायची, मग बघू म्हातारा कुठे नोंद करतो. पण मुलीला लग्न हवं होतं, आणि त्या मुलीने आता मागितलेली ही एकच गोष्ट होती. व्हर्नाने फडकं सोडलं, पुडिंगच्या वाट्या सारून जागा केली, पेनाचं टोपण काढलं.

हॉबर्टनी उजवा हात, झटक्यातून वाचलेला, गार्लंडच्या डोक्यावर ठेवला. डीकनांनी आपापले हात त्यावर ठेवले. डावा हात म्हाताऱ्याला उचलता येत नव्हता. तो उचलून डोक्यापर्यंत न्यायला कुणीतरी लागणार होतं, आणि ते काम नेहमी व्हर्नाच करायची: कोट घालताना, जेवताना, आंघोळीच्या आधी. म्हातारा तिच्याकडे बघत थांबला. ती लिहीत राहिली. शेवटी विल्बर्ननेच तो हात धरून वर नेला.

म्हाताऱ्याने ठरलेले शब्द म्हटले. सेवेसाठी वेगळा काढलेला हा भाऊ, देवाने त्याला ओठ द्यावेत, देवाने त्याला धीर द्यावा. गार्लंडचे खांदे हलत होते. व्हर्नाने तारीख लिहिली, भावाचं पूर्ण नाव लिहिलं, डीकनांची नावं लिहिली, आणि खाली सही केली. अक्षर वाकडं आलं नाही. तीस वर्षांत तिचं अक्षर कधी वाकडं आलं नव्हतं.

तिने घड्याळ पाहिलं नाही, पण ट्रॅव्हिसने पाहिलं. "तीन मिनिटं," तो कुणालाही न उद्देशून म्हणाला.

"झालं," हॉबर्ट म्हणाले. "ऊठ, बाळ. आता पहिली प्रार्थना तुझी."

लॅसवेलांच्या चर्चची ती रीत आहे. दीक्षा मिळालेल्याने तिथल्या तिथे उभं राहून पहिली प्रार्थना करायची, स्वतःच्या शब्दांत, पुस्तक न बघता. ती झाल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. ट्रॅव्हिसकडच्या माणसांनीही मिटले.

गार्लंड गुडघ्यांवरचं गवत झटकत उभा राहिला. "प्रभू," तो म्हणाला, आणि थांबला. घसा साफ केला. "प्रभू, आम्ही... आज इथे..."

मग काहीच नाही. ट्रॅक्टरबद्दल तो तासभर बोलू शकला असता. त्याचे कान लाल झाले. अंगणात बायका-माणसं खाली मान घालून वाट बघत बसली होती आणि त्याला एक शब्द सुचत नव्हता.

"आम्ही तुझ्यापुढे दोन माणसं घेऊन आलोत," व्हर्ना हळू आवाजात म्हणाली.

ती बोलली हे तिच्या लक्षात आलं नाही. झटका आल्यापासून दर रविवारी पहिल्या बाकावर बसून ती हेच करत आली होती. म्हातारा वाक्यात हरवला की ती ओठ फारसे न हलवता पुढचे शब्द सांगायची, आणि तो ते उचलून मोठ्याने म्हणायचा.

"आम्ही तुझ्यापुढे दोन माणसं घेऊन आलोत," गार्लंड म्हणाला. सुटल्यासारखा म्हणाला.

"त्यांना एकमेकांचे दोष माहीत आहेत."

"त्यांना एकमेकांचे दोष माहीत आहेत."

"तरी ती आलीत."

"तरी ती आलीत," गार्लंड म्हणाला. आता त्याचा आवाज भरला होता, चांगला लागत होता. कुणीतरी "आमेन" पुटपुटलं. हॉबर्टनी डोळे मिटून समाधानाने मान हलवली, आपल्या मुलाचे शब्द ऐकत असल्यासारखी.

आणि ती मान हलताना व्हर्नाला दिसली. तिचे डोळे उघडे होते, सांगणाऱ्याचे उघडेच असतात. तिला भावाचा चेहरा दिसला, ओठ तिच्या शब्दासाठी थोडे उघडे राहिलेले. तिने कमानीखाली वाचलेला कागद हाच होता. उद्या दुपारी दोनशे माणसांसमोर हाच माणूस, हेच वाक्य, तिच्याच तोंडातून घेऊन बोलेल, आणि ती पहिल्या रांगेत फुलं माळून बसलेली असेल, आणि लोक म्हणतील, गार्लंडमध्ये एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

ती गप्प झाली.

गार्लंड थांबला. मग त्याने मान न उचलता तिच्याकडे पाहिलं. हॉबर्टनी डोळे उघडले.

"पुढे," म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला. "व्हर्ना. पुढे."

एकेक मान वर झाली. कुणीही गार्लंडकडे बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्या अंगणात पहिल्यांदाच प्रत्येकाला नीट दिसलं की आवाज कुठून येत होता. रूथॅनने तोंडावर हात धरला.

"पुढचं त्याला सुचेल," व्हर्ना म्हणाली. "दीक्षा त्याची झालीय."

"मावशी," कॅली म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "असं नको ना करू. माझं लग्न आहे."

व्हर्नाने तिच्याकडे पाहिलं. त्या मुलीवर तिचा जीव होता, या घटकेलाही होता. पुढचं वाक्य तिला येत होतं, आणि ते त्या मुलीसाठीच लिहिलेलं होतं.

ते तिने सांगितलं नाही.